लो केलेल्या गाडीचे एक्सल बूट सारखे फाटतात, शाफ्टही टिकत नाही. मूळ कारण शोधायला मदत हवी

रंकाळाकाठ

मंडळी, माझ्याकडे २०११ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. सेकंडहँड घेतली तेव्हाच ती लो केलेली, म्हणजे मूळ उंचीपेक्षा खाली घेतलेली होती. आधीच्या मालकानं लोअरिंग स्प्रिंग टाकलेत, शॉकअप मात्र मूळचेच आहेत. गाडी उभी दिसते झकास, वळणावर चिकटून जाते आणि मला ती तशीच आवडते. म्हणून "स्टॉक कर", म्हणजे कंपनीच्या मूळ उंचीला आण, हा सल्ला शेवटचा ठेवा, ही विनंती.

दुखणं असं, की पुढच्या डाव्या चाकाचा बाहेरचा एक्सल बूट, म्हणजे जॉईंटवरचं ग्रीस धरून ठेवणारं घड्यांचं रबरी कव्हर, सारखा फाटतो. रिमची आतली बाजू ग्रीसनं काळी होते, मग फुल कट मारून गाडी वळवली की कटकटकट. बूट बदलला, परत फाटला. मग गॅरेजवाल्यानं अख्खा शाफ्टच, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा एक्सलचा दांडाच, बदलून दिला. आता त्या नव्या शाफ्टचा बाहेरचा बूट शाबूत आहे, पण आतल्या, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या बुटाच्या घडीत चीर दिसायला लागलीय. दरवेळी एकच उत्तर मिळतं: "पार्ट डुप्लिकेट आला असंल, दुसरा टाकू."

रोजचा रस्ता फुलेवाडी ते कागलची पंचतारांकित एमआयडीसी. महिन्यातनं एखाद्या वेळी गगनबावडा. उजवी बाजू मात्र अजून ठणठणीत. डावीच का? कुणी नीट समजावून सांगेल का?

पन्हाळा घाट

भावा, तुझी विनंती वाचली तरी सांगतोच. स्टॉक कर. आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघितलास की न्हाई? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात ब्रेकर म्हंजे ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोल. त्याच्यावरनं लो गाडीबी निवांत जाती. पण गल्लीत रातोरात डांबर ओतून जी भिंत घालत्यात, तिला कसलं माप आलंय? त्यात गळीत हंगामात ट्रॉलीतनं पडलेला ऊस रस्त्यावर. एकदा कांडं खाली अडकलं की बूट गेलाच म्हणून समज.

शाहूपुरी सहावी गल्ली

टायर एक साइज मोठा टाकून बघा की. गाडी तेवढी वर येईल, प्रश्न मिटला.

उद्यमनगर टर्नर

टायरनं प्रश्न मिटणार नाही, आणि का मिटणार नाही ते कळलं की अर्धं उत्तर तिथंच मिळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टायर मोठा केला की चाकाचा मधला हब आणि गिअरबॉक्स दोघंही जमिनीपासून सारखेच वर जातात. दोघांमधलं नातं बदलत नाही. एक्सलला जमीन किती लांब आहे याच्याशी काही घेणंदेणं नसतं. त्याला एवढंच कळतं की गिअरबॉक्समधनं मी कुठल्या उंचीला निघालो आणि हबमध्ये कुठल्या उंचीला शिरलो. स्प्रिंग आखूड केली की बॉडी खाली येते, बॉडीबरोबर इंजिन-गिअरबॉक्स खाली येतो, हब मात्र टायरवर उभा आहे तिथंच राहतो. मग शाफ्ट गिअरबॉक्सकडनं चाकाकडं चढत जातो. दुखणं त्या चढात आहे.

आता डावीच बाजू का. या गाडीत, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत, इंजिन उजवीकडं आणि गिअरबॉक्स डावीकडं असतो. त्यामुळं डावा शाफ्ट आखूड, उजवा लांब. समजा दोन जॉईंटमधलं अंतर डावीकडं ३७० मिलिमीटर आणि उजवीकडं ६५० आहे. गाडी ४५ मिलिमीटर खाली घेतली, तर डाव्या शाफ्टचा कोन जवळजवळ ७ अंशांनी बदलतो, उजव्याचा फक्त ४ अंशांनी. गाडी दोन्हीकडं सारखी खाली बसली तरी डाव्या एक्सलला जवळजवळ दुप्पट भोगावं लागतं.

लोक म्हणतात कोन लिमिटच्या बाहेर जातो म्हणून जॉईंट मोडतो. बाहेरच्या जॉईंटच्या बाबतीत ते खरं नाही. तो सहा गोळ्यांचा जॉईंट. आल्फ्रेड झेपा नावाच्या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात काढलेली ही रचना, आणि १९५९ मध्ये ब्रिटिश मिनीनं ती छोट्या गाड्यांत रुळवली. फुल कटला तो ४० अंशांच्या वर वळतो. ७-८ अंश त्याला काहीच नाहीत. आतला जॉईंट वेगळा. त्यात तीन रोलर असतात आणि ते वाटीसारख्या कपमध्ये आत-बाहेर सरकतात, म्हणून चाक वर-खाली झालं तरी शाफ्टची लांबी जुळते. त्याची कोन सहन करायची ताकद बाहेरच्यापेक्षा बरीच कमी, साधारण निम्मी.

आता मुख्य मुद्दा. स्टॉक गाडी मोठ्या खड्ड्यात आदळली की सस्पेन्शन पूर्ण दबतं, आणि त्या क्षणी तिचाही शाफ्ट तुमच्यापेक्षा जास्त चढतो. कंपनीनं तेवढं धरूनच डिझाइन केलेलं असतं. पण स्टॉक गाडी तिथं क्षणभर जाते आणि परत येते. लो गाडी त्या जागेच्या जवळच मुक्कामाला असते. आतल्या बुटाच्या घड्या शाफ्टच्या वरच्या बाजूला दाबलेल्या, खालच्या बाजूला ताणलेल्या, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक घडी दबते, ताणते, दबते, ताणते. घडीला घडी घासली की रबर आतनं पातळ होत जातं. तुमच्या आतल्या बुटाच्या घडीत चीर आलीय ती याचीच खूण. दगड लागून फाटलेला बूट असा घडीत एकसारखा चिरत नाही, तो एका जागी फाटतो.

दुसरी शक्यता याहून वाईट. लोअरिंग स्प्रिंग टाकताना काही ठिकाणी शॉकअपच्या दांड्यावरचा रबरी बंप स्टॉपर अर्धा कापतात, गाडी लवकर आपटू नये म्हणून. स्टॉपर पूर्ण असेल तर चाक कंपनीनं ठरवलेल्या जागेच्या वर जाऊच शकत नाही, मग स्प्रिंग कुठलीही असो. स्टॉपर कापला की ती हद्दच गेली. मग आतल्या जॉईंटचे रोलर कपाच्या तळाला ठोकतात, शाफ्ट सबफ्रेमला (इंजिनखालची लोखंडी चौकट) किंवा स्टॅबिलायझर बारला (दोन्ही चाकांचं सस्पेन्शन जोडणारा दांडा) लागतो.

म्हणून शाफ्ट, बूट काही विकत आणायच्या आधी हे बघा आणि इथं लिहा: स्टॉपर कापलाय का, इंजिनची माउंटिंग (इंजिन-गिअरबॉक्स ज्या रबरी आधारांवर बसतो ते) कशी आहेत, आणि शाफ्टचा कोन किती.

रंकाळाकाठ

काका, एवढं कुणी आजवर सांगितलं नव्हतं. कोन मोजायचा कसा? गॅरेजमध्ये विचारलं तर हसतील.

उद्यमनगर टर्नर

हसू देत. गाडी सपाट फरशीवर उभी करा, हवा बरोबर, चाकं सरळ. जॅक लावून मोजू नका. चाक लोंबकळलं की सगळं माप खोटं. गाडी स्वतःच्या वजनावर पाहिजे, म्हणजे खड्डा किंवा चारही चाकांवर उभी राहणारी लिफ्ट पाहिजे. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप उघडून मोबाइलची कड शाफ्टच्या साध्या गोल भागावर समांतर टेकवा. चुंबकवालं डिजिटल अँगल गेज असलं तर उत्तम.

उंची मोजताना जमिनीपासून मोजू नका. हबच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. टायर कुठलाही असो, ते माप खरं सांगतं. तेच माप एखाद्या स्टॉक स्विफ्टचं घ्या आणि वजा करा.

पन्हाळा घाट

माझी स्टॉक हाय, त्याच वर्षाची. रविवारी सकाळी रंकाळ्यावर येतो, घे माप. पण मत माझं बदललं न्हाई बघ.

गडहिंग्लज रोड

या धाग्यात मध्येच शिरते, पण माझं दुखणं जवळचं वाटतंय. माझी सेडान साधारण ३५ मिलिमीटर लो आहे. बूट सगळे शाबूत, कटकट आवाज नाही. पण तिसऱ्या गिअरमध्ये जोर देऊन चढ चढताना सगळी गाडी थरथरते, ॲक्सिलरेटर सोडला की लगेच शांत. व्हील बॅलन्सिंग करून झालं, काही फरक नाही. आंबोली चढताना तर स्टिअरिंगपर्यंत जाणवतं.

उद्यमनगर टर्नर

ताई, हा आतला जॉईंट. वळताना कटकट म्हणजे बाहेरचा, जोर दिल्यावर थरथर म्हणजे आतला, ही साधी ओळख. तीन रोलर कोनात फिरताना जोर आला की प्रत्येक फेऱ्याला तीनदा शाफ्टला बाजूला ढकलतात. कोन लहान असेल तर ते कळतही नाही. कोन वाढला आणि कपात रोलरनं खोबण पाडली की गाडी हलायला लागते. बॅलन्सिंगचा दोष असता तर ठराविक वेगाला आला असता आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावरही राहिला असता.

पण आधी इंजिनची माउंटिंग बघा. बॉनेट उघडून कुणाला तरी ब्रेक दाबून पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला क्लच अगदी किंचित सोडायला सांगा. समोर उभं राहू नका, बाजूला थांबा. इंजिन एकीकडनं उचलून डुलत असेल तर माउंटिंग फाटलंय. माउंटिंगचं रबर दबून बसलं की इंजिन-गिअरबॉक्स आणखी खाली येतो, आणि लो गाडीत जो कोन आधीच वाढलाय त्यात भर पडते. लो गाडीवाल्यांनी एक्सलच्या आधी माउंटिंगवर पैसे घालावेत असं माझं ठाम मत आहे.

निपाणी नाका

मी स्पेअर पार्टच्या काउंटरला बसतो, म्हणून बुटाबद्दल माझ्या माहितीतलं सांगतो.

बूट दोन जातीचे. एक निओप्रीन रबर, हाताला मऊ, घडी चांगली घेतो, पण तेलानं आणि उन्हानं लवकर भेगाळतो. दुसरा थर्मोप्लास्टिक, कडक, चकाकी असलेला, दगड-मातीला चिवट. हल्ली कंपनीकडनं बाहेरच्या जॉईंटला बहुतेक थर्मोप्लास्टिकच येतो. लोक कडकपणा बघून "हा नको, मऊ द्या" म्हणतात आणि मऊ घेऊन जातात. बाहेरच्या बाजूला मऊ घेऊ नका. मधनं चीर असलेला, गोंदानं चिकटवायचा बूट मिळतो, तो फक्त घरापर्यंत पोहोचायला. शाफ्ट न काढता काम होतं म्हणून गॅरेजवाल्याला सोयीचा, गाडीला नाही.

आणि बुटाबरोबर पुडीत ग्रीस येतं तेच भरा. बाहेरच्या जॉईंटला मॉलिब्डेनमवालं काळं ग्रीस लागतं, आतल्या तीन रोलरवाल्याला बहुधा वेगळ्या जातीचं. पुडी फेकून देऊन डब्यातलं एपी-थ्री ग्रीस भरलेलं मी स्वतः बघितलंय. चाकाच्या बेअरिंगला ते चालतं, इथं नाही.

क्लॅम्पचं तर विचारूच नका. कान दाबून घट्ट करायचा स्टीलचा क्लॅम्प असतो, त्याला वेगळी पक्कड लागते. ती नसली की प्लास्टिकचा टाय मारतात. टाय तापला की सैल पडतो, ग्रीस बाहेर, पाणी आत.

शाहूपुरी सहावी गल्ली

सर्व्हिसिंगला खालून डिझेलचा फवारा मारतात, त्यानंही रबर खराब होतं का?

निपाणी नाका

होतं. रबर फुगतं, मग ढिलं पडतं. वॉशिंगवाल्याला गाडी देतानाच सांगा की खालून डिझेल, ऑइल काही मारू नको. आणि प्रेशरच्या पाण्याची नळी बुटाच्या क्लॅम्पवर रोखू नको. पावसाळ्यात चिखल धुवायचा तर लांबनं साध्या पाण्यानं.

मिरज जंक्शन

कायद्याचं कुणीतरी बोलायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापासून वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर क्लेमच्या वेळी वाद निघू शकतो. काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं, पण माहिती असून ठरवावं.

रंकाळाकाठ

माहितीबद्दल आभार, विमा कंपनीशी बोलतो.

आता मापं. पन्हाळा घाटवाले दादा शब्दाप्रमाणं गाडी घेऊन आले, आणि खड्डा असलेल्या ओळखीच्या गॅरेजात दोन्ही गाड्या एकापाठोपाठ घेतल्या. हबपासून फेंडरपर्यंत माझी गाडी डावीकडं ४६ आणि उजवीकडं ४३ मिलिमीटर खाली आहे. शाफ्टचा कोन: त्यांच्या स्टॉक गाडीचा डावा जेमतेम १ अंश चाकाकडं चढता. माझा डावा ८ अंश. उजवा ५ च्या जवळपास. काकांनी आधीच सांगितलेला आकडा समोर आला तेव्हा मेस्त्रीही वाकून बघायला लागले.

स्टॉपर बघायला शॉकअपवरचं रबरी कव्हर वर सरकवलं. डावा आणि उजवा, दोन्ही स्टॉपर साधारण अर्ध्यावर कापलेले. कापाची कड सरळ, ब्लेडनं कापल्यासारखी. आणि गिअरबॉक्सच्या बाजूचं माउंटिंग: रबर धातूपासून सुटलंय, बोट आत जातं.

खडूची युक्तीही केली. इथंच जुन्या एका धाग्यात वाचली होती. दोन्ही बुटांना आणि आजूबाजूच्या भागांना ओल्या खडूनं पांढरं करून गाडीत चौघं बसून फुलेवाडी रिंगरोडला चक्कर मारली. परत येऊन बघितलं तर डाव्या शाफ्टच्या मधल्या गोल भागावर खडू पुसला गेलाय आणि तेवढाच पट्टा सबफ्रेमच्या कडेला चकचकीत. म्हणजे लोड असताना शाफ्ट सबफ्रेमला लागतोय.

उद्यमनगर टर्नर

शाब्बास. आता सगळं एकमेकाला जुळलं. सुटलेल्या माउंटिंगनं गिअरबॉक्स खाली आणला, कापलेल्या स्टॉपरनं चाकाला हद्द सोडून वर जाऊ दिलं, आणि ४६ मिलिमीटरनं बूट कायम वाकलेला राहिला. यातलं एकच काढून बाकी दोन ठेवलं तरी बूट फाटत राहणार. आणि पार्ट डुप्लिकेट होता की ओरिजिनल, हा प्रश्नच उरत नाही. ओरिजिनलही असाच गेला असता, फक्त थोडा उशिरा.

आता काय करायचं. माझ्या मते या क्रमानं.

पहिलं माउंटिंग, गिअरबॉक्सचं आणि त्याच्या जोडीचं खालचं, दोन्ही नवी. कडक पॉलियुरेथेनची नको. रोजच्या गाडीला त्यानं केबिनमध्ये कंप येतो आणि एक्सलला मिळणारी उसंत जाते.

दुसरं, स्टॉपर पूर्ण मापाचे नवे. मग गाडी स्टॉपरवर लवकर बसेल, राइड कडक लागेल. ती कडक लागू नये म्हणूनच मागच्यानं कापले. त्यामुळं तिसरं आपोआप आलं: उंची वाढवायला लागणार. लोअरिंगच्या या स्प्रिंग काढा आणि २० ते २५ मिलिमीटरच लो होईल अशा स्प्रिंग टाका, किंवा उंची लावता येणारे कॉईलओव्हर घेऊन तेवढ्यावर लावा. ४६ चं निम्मं केलं की डावा कोन साडेचार अंशांच्या आत येतो. गाडी लो दिसते, फेंडरमधली मोठी पोकळी जाते, आणि शाफ्टला जागा मिळते.

मूळ शॉकअपवर एवढी आखूड स्प्रिंग असणं हेही बरोबर नाही. चाक पूर्ण लोंबलं की स्प्रिंग सैल होऊन बैठकीतनं सरकते. गाडी जॅकवर घेतली की स्प्रिंग हातानं हलते का बघा.

आणि एक सांगून ठेवतो, कारण आमच्या भागात कुणीतरी सुचवणारच. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणारा दांडा) बॉलजॉईंट लांब दांड्याचा बसवून "जॉमेट्री सुधारून" देतो म्हणणारे भेटतील. त्यानं आर्मचा कोन सुधारतो, वळणावरचं वागणं सुधारू शकतं, पण हब आणि गिअरबॉक्समधलं अंतर तसंच राहतं. एक्सलला त्याचा काही उपयोग नाही. तसंच माउंटिंगखाली उद्यमनगरातनं ॲल्युमिनिअमचे स्पेसर वळवून गिअरबॉक्स ८-१० मिलिमीटर उचलायचा प्रकार. हे काम मी करून देऊ शकतो, आणि कोन खरंच कमी होतो. पण गिअर लिंकेज, सायलेन्सरचा जोड, बॉनेटखालची जागा हे सगळं परत बघावं लागतं. ट्रॅकच्या गाडीला ठीक. रोज कागलला जाणाऱ्या गाडीला २० मिलिमीटर वर घेणं शंभर पटीनं शहाणपणाचं.

पन्हाळा घाट

काका, मान्य. निम्मं वर घेतलं तर मीबी गप बसतो.

रंकाळाकाठ

ठरलं. शाफ्ट मात्र नवा घ्यायचा की आहे त्यालाच बूट घालायचे?

उद्यमनगर टर्नर

आधी जॉईंट खोलून धुऊन बघा. बाहेरच्या जॉईंटच्या कपातल्या खोबणींवरनं नखाचं टोक फिरवा. नखाला कड लागली, खड्डा लागला, तर जॉईंट गेला. गुळगुळीत चमकदार पट्टा असेल तर चालतो. आतल्या कपाच्या तीन खोबणींचंही तसंच. कटकट सुरू झालेला जॉईंट ग्रीस भरून गप्प होतो, पण बरा होत नाही, हे लक्षात ठेवा. आणि तुमच्या गाडीचा मूळ कंपनीचा शाफ्ट त्या गॅरेजवाल्यानं टाकून दिला नसेल तर तो परत मागा. मूळ शाफ्टला नवा जॉईंट आणि नवे बूट घालणं, स्वस्तातला अख्खा नवा शाफ्ट घेण्यापेक्षा चांगलं.

बसवताना एक गोष्ट स्वतः उभं राहून करून घ्या. बूट खोबणीत बसला, मोठा क्लॅम्प घट्ट झाला, की लहान क्लॅम्प आवळायच्या आधी शाफ्ट त्याच्या चालू लांबीला धरायचा आणि बुटाच्या अरुंद तोंडाखाली बोथट, पातळ स्क्रूड्रायव्हर किंचित सरकवायचा. फुस्स करून हवा आत किंवा बाहेर जाते. मग स्क्रूड्रायव्हर काढून क्लॅम्प दाबायचा. हे न करता बूट बंद केला तर आत हवा कोंडून तो फुग्यासारखा तट्ट राहतो आणि शेजारच्याला घासतो, किंवा आत पोकळी होऊन घडी आत ओढली जाते आणि शाफ्टवरच झिजते. कितीतरी "डुप्लिकेट" बूट यानं फाटलेले असतात. दोन मिनिटांचं काम आहे, आणि लो गाडीला तर ते अजिबात सोडू नये.

शाफ्ट काढल्यावर त्याला एका टोकानं लोंबकळत ठेवू देऊ नका, तारेनं बांधायला सांगा. हबचा नट नवा. जुनाच ठोकून परत लावू नये. टॉर्क रेंचनं आवळायचा, मॅन्युअलमधल्या आकड्यालाच. आणि गाडी चाकांवर उतरवायच्या आधी नट पूर्ण आवळलेला असावा, नाहीतर बेअरिंगवर वजन येऊन ते खराब होतं.

रंकाळाकाठ

मूळ शाफ्ट गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला मिळाला. आतला जॉईंट चांगला निघाला, बाहेरच्या कपात नखाला खड्डे लागले. म्हणून बाहेरचा जॉईंट नवा, दोन्ही बूट नवे. निपाणी नाकावाल्यांनी सांगितलं त्याप्रमाणं बाहेर थर्मोप्लास्टिक. दोन्ही माउंटिंग नवी, स्टॉपर पूर्ण, आणि कमी लो होणाऱ्या स्प्रिंग तिच्या जोडीच्या शॉकअपसकट.

नंतर मापं घेतली. फेंडर आता स्टॉकपेक्षा २३ मिलिमीटर खाली. डावा शाफ्ट साडेचार अंशांना किंचित कमी, उजवा ३ च्या आसपास. परत खडू लावला, परत चौघं बसून तोच रिंगरोड, त्याच ब्रेकरवरनं. सबफ्रेमच्या कडेचा खडू जसाच्या तसा राहिला. शॉकअपच्या दांड्यावर बारीक प्लास्टिक टाय बांधून ठेवला होता, तो स्टॉपरच्या अलीकडं थांबला.

अलाइनमेंट करून घेतलं. टोचं माप, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती तिरकी आहेत ते, बरंच हललेलं निघालं. आधी टायर आतल्या कडेला खाल्ले जायचे त्याचं कारण तेच.

शाहूपुरी सहावी गल्ली

माझी लो नाही, तरी एक विचारतो. २०१९ च्या पुरात गाडी उभ्या पाण्यात होती. बूट फाटलेला नाही, तरी उघडून बघायला हवं का?

उद्यमनगर टर्नर

इतक्या वर्षांत आवाज आला नसेल आणि क्लॅम्प मूळचे, घट्ट असतील तर मुद्दाम उघडू नका. पुढच्या वेळी गाडी खड्ड्यावर गेली की बूट बोटांनी दाबून बघा. आत पाणी असेल तर ग्रीस पातळ होऊन दुधट पांढरं होतं आणि क्लॅम्पच्या कडेनं तसा ओघळ दिसतो. तो दिसला तर मात्र लगेच उघडून धुऊन नवीन ग्रीस.

गडहिंग्लज रोड

माझा निकाल लिहिते. माउंटिंगचीच पहिली तपासणी केली, उजवीकडचं इंजिन माउंटिंग बसलेलं होतं. ते बदलल्यावर थरथर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. आंबोलीच्या वरच्या टप्प्यात चार माणसं असताना अजून थोडी जाणवते. आता जॉईंट उघडायचा की उंची वाढवायची?

उद्यमनगर टर्नर

आधी कोन मोजा, ताई. ५ च्या खाली असेल तर कपात खोबण पडलीय असं धरून आतला जॉईंट उघडा. जास्त असेल तर आधी १५ मिलिमीटर वर घ्या आणि तोच चढ, तीच माणसं घेऊन परत बघा. थरथर गेली तर जॉईंट वाचला. राहिली तर उघडायचाच, आणि त्या वेळी दोन्ही बाजूंचे आतले बूट एकदमच बदलून टाका, मजुरी एकदाच पडेल.